कच्चा सांधा

पेणमध्ये घडणारी जवळजवळ प्रत्येक मूर्ती विरघळण्यासाठीच घडवलेली असते. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला ती पाटावर बसते आणि दीड, पाच, सात किंवा दहा दिवसांनी पाण्यात जाते. पेणच्या आळ्यांतून आणि हमरापूर, जोहे यांसारख्या आसपासच्या गावांतून वर्षाचे बहुतेक महिने माती मळणारे, साचे भरणारे, हात जोडणारे, रंग देणारे आणि अखेरीस डोळ्यांची आखणी करणारे असे असंख्य लोक ज्या कामात गुंतलेले असतात, त्या कामाचे आयुष्य इतके अल्प आहे. म्हणून असेल कदाचित, पण मूर्ती चतुर्थीपर्यंत सुखरूप कशी ठेवावी याचे ज्ञान येथे घरोघर असले, तरी ती चाळीस वर्षे कशी टिकवावी, याचा विचार करण्याची वेळ या गावावर सहसा येत नाही.

माझे माहेर पेणचे, अशाच एका कारखान्याच्या घरातले, सासर रोह्याचे. नागोठण्यावरून जाणारा हा रस्ता लांबचा नाही. परंतु वडिलांनी घडवलेली एक मूर्ती या रस्त्याने माझ्याबरोबर रोह्याला आली आणि हा न पडणारा प्रश्न मला पडला.

आमच्या कारखान्यात मूर्ती पडणे ही दुर्मीळ गोष्ट नव्हती. आषाढ उजाडला की घरात पाय ठेवायला जागा उरत नसे. ओटी, माजघर, जिन्याखालची मोकळी जागा, सर्वत्र बांबूंच्या मांडण्या आणि त्यांवरच्या फळ्यांवर शेकडो गणपती. कोणाचा कोपर लागे, कोणी फळी उचलताना दुसरे टोक खाली राही. मग आवाज येई. तो आवाज मी आजही ओळखू शकेन. शाडूची मूर्ती पडली तर धप्प असा बसका, आणि प्लास्टरची पडली तर टणक, कवडी फुटावी तसा. वडील ओरडत नसत. आधी विचारत, "काय काय निखळलं?" बहुतेक वेळा उत्तर ठरलेले असे: सोंड, वरच्या हाताची बोटे, कान किंवा मुकुटाचे टोक.

या उत्तरामागे कारण होते. साच्यातून मूर्ती काढली जाते तेव्हा ती पूर्ण नसते. धड एका साच्यातून येते. हात अनेकदा वेगळे काढून ओल्या मातीने किंवा ओल्या प्लास्टरने जोडले जातात. पडलेली मूर्ती पुष्कळदा तेथेच तुटते, जेथे ती कधीतरी जोडलेली असते. वडील म्हणत, "तुटली कुठे? जोडली होती ती सुटली." गिऱ्हाइकाच्या दृष्टीने मात्र हा भेद फारसा खरा नव्हता. प्रतिष्ठापना झालेली मूर्ती भंगली तर तिची पूजा होत नाही, तिचे विसर्जन करतात. ही रूढी सर्वांना ठाऊक असल्याने, प्रतिष्ठापनेपूर्वी डागडुजी झालेली मूर्तीदेखील अनेकांना नकोशी वाटते. वडिलांचे म्हणणे असे की प्राण घालण्यापूर्वी ती माती आहे आणि मातीला जोडणे म्हणजेच घडवणे. तर्क म्हणून मला ते पटते. तरीही सोंड सांधलेली मूर्ती ते स्वतः कोणाला विकत नसत, ती आमच्या घरी बसे. माझ्या बालपणीच्या कितीतरी चतुर्थ्यांना आमच्या देवघरासमोरचा गणपती हा असा पडून उठलेला होता. आईला त्यात काही उणे वाटल्याचे आठवत नाही.

कारखान्यातील सांधणी ही दहा दिवसांपुरती असते, हे मला फार उशिरा कळले. तिथे महत्त्व असते ते सांधा न दिसण्याला. भेग लुकणाने भरली, वरून पांढरा हात दिला, रंग मारला की काम झाले. पुढच्या पावसाळ्यात तो सांधा फुगेल का, ही चिंता करायला मूर्ती जागेवर राहणारच नसते.

शाडू आणि प्लास्टर यांच्या स्वभावातला फरक येथे सांगायला हवा, कारण सगळी सांधणी त्यावरच अवलंबून आहे. जिप्सम हा खनिज दगड सुमारे 150 अंश सेल्सिअसला तापवला की त्यातले बरेचसे पाणी निघून जाते आणि प्लास्टर ऑफ पॅरिसची भुकटी मिळते. तिच्यात पाणी घातले की ते पाणी पुन्हा स्फटिकांत बांधले जाते आणि वस्तू घट्ट होते. एकदा घट्ट झालेले प्लास्टर पाण्याने पुन्हा मऊ होत नाही. म्हणूनच ते नद्यांच्या आणि तलावांच्या मुळावर आले आणि मे 2020 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तीविसर्जनासंबंधीच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत त्याला नकार दिला. त्यानंतर पेणमध्ये त्या सूचनेवरून जे वाद आणि जी तगमग झाली, तो स्वतंत्र विषय आहे. शाडूचे तसे नाही. गुजरातेतून येणारी ही बारीक कणांची माती भाजली जात नाही, केवळ वाळते. तिच्यात कोणताही कायमचा बदल घडलेला नसतो; पाणी मिळाले की ती पुन्हा चिखल होण्यास सिद्ध असते. विसर्जनासाठी हा गुण अमोल आहे. रोह्यासारख्या गावात, जेथे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातली पुस्तकेही दमट होतात, तेथे शाडूची मूर्ती जपणाऱ्याला तोच गुण वैरी वाटतो.

मी ज्या मूर्तीविषयी बोलते आहे ती देवाची नव्हे. ती एक कोळीण आहे, साधारण दीड फूट उंचीची, डोक्यावर माशांची पाटी घेतलेली, एक हात पाटीला आणि दुसरा कमरेवर. वडिलांनी ती हंगाम संपल्यावरच्या रिकाम्या दिवसांत, साच्याविना, हाताने केली होती. नथीचा मोती त्यांनी तांदळाच्या दाण्यावर रंग देऊन बसवला. मुंबईच्या एका संग्राहकाने तिला जी किंमत देऊ केली ती ऐकून घरातले सगळे गप्प झाले होते. वडिलांनी ती विकली नाही, मला दिली.

घडणीच्या दृष्टीने ही कोळीण नाजूकच म्हणावी लागेल. भार वर, आधार खाली आणि तोही दोन पावलांएवढा. अशी वस्तू ठेवताना शोभेचा विचार नंतर करावा. मी तिला खालून रुंद लाकडी पाट करून घेतला, पावलांच्या बाजूंनी मेणाच्या लहान गोळ्या दाबल्या आणि भिंतीतल्या फडताळात, डोळ्यांच्या उंचीच्या थोडे खाली, काचेच्या दारामागे ठेवले. उंचावर ठेवलेली वस्तू सुरक्षित असते हा समज खरा नाही. ती केवळ अधिक उंचीवरून पडते. फडताळ पूर्ण बंदही केले नाही, कारण कोंडलेल्या दमट हवेत शाडूवरचा रंग पापुद्रे धरतो. खिडकीचे ऊन तिच्यावर येत नाही. माझ्या भाच्याच्या खोलीत परदेशी चित्रमालिकांतल्या वीरांचे महागडे पुतळे ओळीने उभे आहेत. त्यांतला एक उन्हाच्या खिडकीशी असल्याने घोट्यातून हळूहळू वाकू लागला, कारण त्याचे प्लास्टिक उष्णतेने मऊ पडते. त्यालाही मी जागा बदलायला लावली. तीन हजारांचा वीर असो वा मातीची कोळीण, ऊन कोणाचीच भीड बाळगत नाही.

ऊन आणि दमट हवा यांचा बंदोबस्त करता येतो. कंपनाचे काय करावे हे मात्र मला माहीत नव्हते. कोकण रेल्वेची हद्द रोह्यापासून सुरू होते आणि मालगाड्या रात्रभर जातात. घर रुळांपासून लांब असले तरी शांत रात्री फडताळाच्या काचा किंचित वाजतात. पुढे 2013 सालचा एक प्रसंग वाचनात आला. इंग्लंडमधील मँचेस्टर संग्रहालयात नेब-सेनू नावाच्या इजिप्शियन माणसाची सुमारे पंचवीस सेंटीमीटर उंचीची, जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीची दगडी मूर्ती काचेच्या फळीवर आपोआप फिरताना दिसली. मंत्रतंत्राच्या पुष्कळ गोष्टी उठल्या. शेवटी आढळले ते असे की तिचा तळ किंचित फुगीर होता आणि रस्त्यावरच्या वाहनांची व येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पावलांची कंपने तिला दिवसभरात केसाकेसाने वळवीत होती. रात्री वर्दळ नसे, मूर्ती स्थिर असे.

आमच्या कोळिणीला कोणी केसाकेसाने वळवले नाही. फडताळ ज्या समाईक भिंतीत आहे, तिच्या पलीकडे एका दुपारी नळ बसवण्यासाठी यंत्राने भोके पाडली जात होती. मेणाने पावले धरून ठेवली, म्हणून ती फळीवरून खाली आली नाही; परंतु वरची पाटी मानेच्या मागून सुटली आणि काचेवर आपटून फळीवर पडली. पाटीचे तीन तुकडे झाले, पाटी धरणाऱ्या हाताची चार बोटे गेली आणि कपाळावरचा रंग कवडीएवढा उडाला.

मी आधी काहीच उचलले नाही. खाली जुने वर्तमानपत्र पसरले आणि कुंचल्याने चुरादेखील त्यात लोटला. ब्रिटिश म्युझियममधले पोर्टलंड नावाचे रोमन काचपात्र 1845 मध्ये एका माणसाने फोडले तेव्हा ते जोडणाऱ्याला सदतीस बारीक कपच्या कोठे बसवायच्या ते उमगले नाही. त्या एका डबीत राहिल्या आणि शंभर वर्षांनंतर, 1948 मध्ये, संग्रहालयाकडे परत आल्या. ते पात्र तेव्हा पुन्हा सुटे करून जोडले गेले आणि 1988–89 मध्ये आणखी एकदा. मला या हकिकतीत सर्वांत मोलाचे वाटते ते असे, की पहिल्याने जोडलेले दुसऱ्याला सोडवता आले आणि दुसऱ्याने जोडलेले तिसऱ्याला.

घरात उपाय सुचवणारे पुष्कळ होते. कोणी क्षणात चिकटणाऱ्या डिंकाची नळी आणली, कोणी दोन रंगांच्या लगद्याचे पाकीट. नळीतला डिंक दुसरी संधी देत नाही. तुकडा केसभर सरकला तर तसाच राहतो, आणि त्या केसभर फरकाने शेवटचा तुकडा आत बसत नाही. लगदा याहून वाईट. तो वाळल्यावर शाडूपेक्षा कितीतरी कठीण होतो. मूर्ती पुन्हा पडली तर सांधा शाबूत राहतो आणि त्याच्या शेजारची मूळ माती फुटते. म्हणजे माझी दुरुस्ती टिकते आणि वडिलांची घडण जाते. संग्रहालयांतले जाणकार सांधा मूळ वस्तूपेक्षा कच्चा ठेवतात, आणि पॅरालॉईड बी-72 सारखी राळ वापरतात ती त्यासाठीही की अनेक वर्षांनी ॲसिटोनने ती पुन्हा विरघळवता येते.

पाटीचे तीन तुकडे मी त्याच राळेने जोडले. आधी कोरडेच जुळवून पाहिले आणि तुकड्यांचा क्रम पेन्सिलने कागदावर लिहून ठेवला. तुटलेल्या कडा एकमेकींवर घासल्या नाहीत, कारण त्या कडांचे खडबडीतपणच त्यांना जागेवर आणते. नंतर पाटी वाळूने भरलेल्या तसराळ्यात अशी रोवली, की सांधा स्वतःच्या भाराने मिटावा. बोटांसाठी शाडूत भिजवलेल्या कागदाचा लगदा मिसळला. निव्वळ ओली माती वाळताना आक्रसते आणि सांध्यातून सुटते. तोही एकदम न भरता, तीन पातळ थरांत, प्रत्येक थर वाळू देऊन भरला. चार बोटांना अकरा दिवस लागले.

कपाळावरच्या उडालेल्या रंगाला हात लावला नाही. पेणहून माझा धाकटा भाऊ आला होता; त्याची आखणी आज गावात नावाजली जाते. त्याने कुंचला हातात घेतला, थोडा वेळ बघितले आणि खाली ठेवला. "ताई, मी रंगवलं तर हे कपाळ माझं होईल," एवढेच म्हणाला. खालची करडी माती तेवढ्या जागी दिसते. पाहुणे विचारतात, आम्ही सांगतो.

पाटी पुन्हा डोक्यावर बसवताना खरी अडचण आली. पाटीच्या तळाशी, जी बाजू इतकी वर्षे कोळिणीच्या चुंबळीला टेकून होती, तेथे ओल्या मातीत अंगठा दाबल्याचे तीन ठसे निघाले. रेषा स्पष्ट होत्या. पाटी चिकटवली असती तर ते पुन्हा झाकले गेले असते, आणि न चिकटवता ठेवली असती तर पुढच्या गाडीला ती पडली असती. दोन दिवस मी तिला तशीच उशीवर पालथी ठेवली. भावाने मग मानेच्या तुटीत मुळातच असलेल्या पोकळीत बांबूची बोटभर खुंटी बसवली आणि पाटीच्या तळाशी ठसे टाळून तेवढेच भोक साधले. पाटी आता खुंटीवर घट्ट बसते आणि दोन्ही हातांनी सरळ वर उचलली तर निघते. पाऊस सुरू झाला की मी ती काढून, मऊ सुती कापडात गुंडाळून, कोळिणीच्या पायाशी ठेवते. आश्विन लागला की परत डोक्यावर.