गंधकाची साक्ष

बेंगळुरूच्या बनशंकरी देवळात राहुकाळी लिंबाच्या सालींचे दिवे लावण्याची प्रथा आहे. प्रत्येक काडी ओढली जाताना क्षणभर जो झणका नाकात शिरतो, तो सल्फर डायऑक्साइडचा: काडीच्या गुलातले गंधक जळून झालेला. हाच रेणू सध्या खगोलशास्त्रज्ञांना सुमारे ३५ प्रकाशवर्षांवरून खुणावतो आहे.

एल ९८-५९ या लाल बटू ताऱ्याचे ग्रह टेस उपग्रहाच्या निरीक्षणांतून २०१९ मध्ये उघड झाले. त्यांतला सर्वांत आतला ‘बी’ पृथ्वीहूनही लहान असून सव्वादोन दिवसांत प्रदक्षिणा पुरी करतो. ‘डी’ पृथ्वीच्या सुमारे दीडपट व्यासाचा. त्याचे वर्ष साडेसात दिवसांचे. ग्रह ताऱ्यासमोरून सरकतो तेव्हा ताऱ्याचा किंचित प्रकाश त्याच्या वातावरणातून गाळून येतो. (राहूने सूर्य गिळावा तसाच प्रकार, फक्त घास फार लहान.) जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेल्या या अवरक्त प्रकाशात दोन्ही ग्रहांवर गंधकाच्या वायूंच्या खुणा असाव्यात, असे २०२४ आणि २०२५ मधले शोधनिबंध सुचवतात.

गंधकच महत्त्वाचे का? पृथ्वीवरचे ज्वालामुखीही सल्फर डायऑक्साइड ओकतात, पण पाऊस आणि समुद्र त्याला हवेत फार काळ राहू देत नाहीत. तो विपुल आढळला, तर तिथे समुद्र नसावा आणि पुरवठा चालू असावा. ‘बी’सारख्या चिमुकल्या, भाजून निघणाऱ्या ग्रहाला वातावरण धरून ठेवणेच अवघड. तरीही तिथे वायू असेल, तर शेजारच्या ग्रहांच्या ओढीने त्याचे पोट सतत मळले जात असले पाहिजे, गुरूच्या आयो या चंद्रासारखे. म्हणजे आकाश वाचून खडकाच्या पोटातली धग ओळखायची.

ती सरळ ओळखता येत नाही, आणि खरी मौज तिथेच आहे. शिलारसात ऑक्सिजनची चणचण असेल तर गंधक मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडते. मुबलकता असेल तर सल्फर डायऑक्साइड होऊन. पण वर गेल्यावर ताऱ्याचे अतिनील किरण पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करू शकतात. वास्प-३९ बी या वायुरूप महाग्रहावर २०२२ मध्ये नेमके हेच दिसले. वर दिसणारा वायू हा खालून निघालेलाच, असे धरून चालणे घाईचे ठरेल.

महाराष्ट्राला हे प्रकरण परके नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच्या थरांतले गंधक मोजून, त्या उद्रेकांनी पृथ्वी वारंवार गारठली असावी, असा निष्कर्ष २०२३ मध्ये मांडला गेला. तिथे हातोडीने दगड फोडून पुन्हा तपासता येतो. इथे हाती आहेत ते मोजके फोटॉन: ‘डी’चे एक अधिक्रमण, ‘बी’ची चार. शिवाय लाल बटू ताऱ्यांवरचे डाग वायूची खोटी खूण उमटवू शकतात.

एप्रिल २०२५ मध्ये के२-१८ बी या ग्रहावरच्या डायमिथिल सल्फाइडच्या दाव्याने देशभरच्या मथळ्यांत ‘जीवसृष्टी’ अवतरली होती. तोही गंधकाचाच रेणू, आणि पुरावा तसाच तोकडा. एल ९८-५९ ला असे मथळे मिळाले नाहीत. ते बरेच झाले, कारण इथला प्रश्न जास्त मूलभूत आहे: लाल बटू ताऱ्यांजवळचे छोटे खडकाळ ग्रह वातावरण राखतात की नाही? आकाशगंगेतले बहुसंख्य तारे याच जातीचे आहेत. ‘बी’वरचा गंधक आणखी अधिक्रमणांत टिकला, तर पृथ्वीहून लहान बाह्यग्रहाच्या वातावरणाचा तो भक्कम पुरावा ठरेल. ग्रह दर सव्वादोन दिवसांनी ताऱ्यासमोर येतो आहे. दुर्बिणीचा वेळ मात्र मागून, वाट पाहून मिळवावा लागतो.