चावी देणारा हात



बोंडअळी, उसाची लागण, खताच्या मात्रा याविषयी मी तुमच्याशी नेहमीच बोलतो. आज मात्र घरातली एक गोष्ट सांगणार आहे. सांगताना संकोच वाटतो. पण झाकून ठेवली तर तुमच्यापैकी कुणाच्या तरी दारी तीच चूक होईल, म्हणून लिहितो.

२०२५ च्या एप्रिलमध्ये माझ्या थोरल्या भावाच्या मुलीचे लग्न होते. हळदीची रात्र. बायका आत गाणी म्हणत होत्या आणि गोठ्यामागे पोरांची बाटली फुटली होती. हे सगळ्यांना माहीत होते, मलाही होते. लग्नघरात कटकट नको म्हणून कुणी बोलले नाही. साडेदहाच्या सुमारास जनरेटरचे डिझेल संपत आले. दादांचा मुलगा, वय वर्षे चोवीस, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काका, तुमच्या गाडीची चावी द्या ना." तोंडाला वास येत होता. मी विचारले, "अरे, घेतलीस का?" "थोडीशीच, काका." पंप चार किलोमीटरवर. मी खिशातून चावी काढून दिली.

साडेअकराला फोन आला. हमरस्त्यावर नाकाबंदी होती आणि पोरगा ठाण्यात बसवला होता.

दादा आणि मी गेलो. श्वासाच्या यंत्राने आकडा दाखवला होता ७४. मान खाली घालून पोरगा बाकावर बसला होता. बाहेर चहाच्या टपरीवर एकाने मला बाजूला घेतले. "साहेब, पाच हजार द्या, कागदच होणार नाही." बंधूंनो, खरे सांगतो, माझा हात पाकिटाकडे गेला होता. सकाळी वऱ्हाड येणार होते. दादांनी माझे मनगट धरले. दादा सातवी शिकलेले. म्हणाले, "तू सरकारी माणूस. तूच असं केलंस तर गावानं कुणाकडं बघायचं? जे व्हायचं ते कागदावर होऊ दे."

तसेच झाले. पोराला ग्रामीण रुग्णालयात नेऊन डॉक्टरांकडून तपासणी झाली, जामिनाचे कागद झाले आणि पहाटे आम्ही घरी आलो. मांडवात कुणी काही विचारले नाही. पण वहिनींनी पोराकडे एकदा पाहिले, ते मला अजून आठवते.

पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या वकिलांनी कायदा समजावून दिला. तो तुम्हालाही माहीत असावा.

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि त्यातील १८५ वे कलम दारू पिऊन वाहन चालविण्याचे आहे. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला की गुन्हा झाला. अपघात व्हावाच लागतो असे नाही; नुसते चालविण्याचा प्रयत्न केला तरी पुरे. मोटारसायकल, जीप, ट्रॅक्टर, सगळ्यांना कायदा एकच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. हा दंड रस्त्यावर भरून सुटता येत नाही, प्रकरण न्यायालयातच जाते. म्हणून "इथेच मिटवतो" म्हणणारा तुमचे पैसे बुडवतो आणि वर लाचेच्या गुन्ह्यात अडकवतो.

अटक झालेल्या माणसालाही कायद्याचे संरक्षण आहे. अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी व्हावी लागते; न झाल्यास त्याला कोठडीतून सोडावे लागते. गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा हक्क आहे. अटक का केली हे सांगणे आणि घरच्यांना कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावेच लागते. ठाण्यात आरडाओरडा करू नये, हुज्जत घालू नये. योग्य कारणाशिवाय तपासणीला नकार दिला तर तो नकारच न्यायालयात आपल्याविरुद्ध जातो. तपासणी किती वाजता झाली, आकडा किती आला, हे मात्र लिहून ठेवावे. वाचल्याशिवाय कशावरही सही करू नये.

वकील परवडत नसेल तर तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. कोठडीतील माणसाला तिच्यामार्फत मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. यंत्रात दोष होता, तपासणी वेळेत झाली नाही असे काही असेल तर वकिलाच्या सल्ल्याने खटला लढवावा. शिक्षा झाल्यास तीस दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. गुन्हा कबूल केला असेल तर मात्र अपिलात शिक्षेचे प्रमाण आणि तिची कायदेशीरता एवढेच पाहिले जाते. म्हणून कबुली द्यायची ती समजून द्यावी.

आमच्या पोराने वकिलांशी बोलून, समजून, गुन्हा कबूल केला. दहा हजार दंड झाला आणि चालक परवाना सहा महिन्यांसाठी अपात्र ठरला. या कलमाखाली दोषी ठरल्यावर सहा महिन्यांपेक्षा कमी अपात्रता न्यायालय देतच नाही. दंड एकदा भरला की संपतो, हे सहा महिने मात्र आम्हाला रोज मोजावे लागले. ऐन पेरणीत घरचा ट्रॅक्टर दारात आणि चालवायला रोजंदारीचा चालक. तो येईपर्यंत वाफसा निघून जायचा. त्या काळात पोराने स्टिअरिंगला हात लावला असता तर तो आणखी वेगळा गुन्हा. पोलीस भरतीचा अर्ज भरायचा होता, त्यात हे प्रकरण लिहावे लागले. लपवणे सोपे होते. पण लपवलेले चौकशीत उघड झाले तर नोकरी लागूनही जाते. त्याने लिहिले.

ही झाली नशिबाने वाचलेल्यांची गोष्ट. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईत वांद्र्याला रस्त्याकडेला झोपलेल्या मजुरांवर मद्यपी चालकाची गाडी गेली. सात जण मेले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सदोष मनुष्यवधासाठी दिलेली तीन वर्षांची शिक्षा २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. त्या मजुरांच्या घरी मात्र कुठल्याच निकालाने माणूस परत आला नाही. अशा अपघातात विमा कंपनी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा सहसा नाकारते आणि समोरच्याची भरपाई अंगावर आली तर जमीन विकायची वेळ येते.

कुणी म्हणेल, लिंबू चोखले, पान खाल्ले, कांदा चावला की उतरते. फवारणी केल्यावर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचे ते औषधाच्या डब्यावर लिहिलेले असते आणि नुसती भाजी धुऊन ते दिवस कमी होत नाहीत, हे मी तुम्हाला शिबिरांत सांगतो. दारूचेही तसेच. वास जातो, रक्तातली जात नाही. तिला वेळच लागतो.

शेवटी माझ्याविषयी. वकिलांनी कागद पाहता पाहता विचारले, "गाडी तुमची. चावी कुणी दिली?" मी म्हणालो, "मी." ते म्हणाले, "प्यायलेला आहे हे माहीत असून?" मी मान हलवली. तेव्हा त्यांनी १८८ वे कलम दाखवले. अशा गुन्ह्याला जो साहाय्य करतो त्यालाही तीच शिक्षा. माझ्यावर गुन्हा दाखल झाला नाही. पण त्या दिवसापासून पोराला बोल लावायला माझी जीभ उचललेली नाही. त्याने पिऊन गाडी चालवली ही त्याची चूक, चावी शुद्धीत असलेल्या माणसाने दिली.

आता आमच्या घरात कार्य असले की संध्याकाळी सगळ्या गाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या चाव्या वहिनींच्या कनवटीला जातात. सकाळी चहा झाल्यावरच मिळतात. दोघे पाहुणे रुसले, ते नंतर समजले. तुमच्या घरीही एखादी वहिनी, एखादी आजी असेलच. येत्या लग्नसराईत चाव्या तिच्याकडे द्या.