दाते किती?

मागच्या महिन्यात तापाने चार दिवस घरी पडून होतो. पुतण्याने एक इंग्रजी रहस्यकादंबरी आणून दिली. समुद्राच्या तळातून निघालेलं ग्रीक यंत्र, त्यात दडलेली जगाच्या नाशाची किल्ली, मागावर मारेकरी. मजा आली, खोटं कशाला बोलू? फक्त अख्ख्या पुस्तकात एकच मुसलमान भेटला आणि तो पुराणवस्तूंचा तस्कर निघाला. याची आता सवय झाली आहे.

यंत्र मात्र खरं आहे. १९०० साली सिमी बेटावरचे स्पंज काढणारे पाणबुडे अँटिकिथेरा बेटाजवळ उतरले आणि त्यांना बुडालेलं प्राचीन जहाज सापडलं. खाली गेलेला एक जण घाबरून वर आला; म्हणाला, तळाशी माणसांची, घोड्यांची प्रेतं पडलीत. ते पुतळे होते. हा खजिना वर काढताना एक पाणबुड्या मेला, दोघे कायमचे लुळे झाले. कादंबरीत इतके खून पडतात, पण या तिघांना एक ओळ नाही. पुढे १९०२ मध्ये अथेन्सच्या संग्रहालयात गंजलेल्या ब्राँझच्या एका तुकड्यात व्हॅलेरिओस स्टाइस यांना दातेरी चाक दिसलं.

हे सगळं अब्बांना सांगत होतो. त्यांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. जगाचा नाश त्यांनी कानाआड केला आणि विचारलं, "दाते किती?"

शोधून सांगितलं, एका चाकाला २२३. तेवढ्या चांद्रमासांनी, म्हणजे अठरा वर्षं आणि सुमारे अकरा दिवसांनी, ग्रहणांचा क्रम पुन्हा तसाच येतो.

अब्बा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "२२३ला कशानेच भाग जात नाही. निम्म्याचं निम्मं करत खुणा पाडता येणार नाहीत. कुणी कापलं असेल रे हे?"

कादंबरीकार म्हणतो, त्यानंतर हजार वर्षं जग दातेरी चाकं विसरलं. पण इ.स. १०००च्या सुमारास अल-बिरूनीने, संस्कृत शिकून हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिणाऱ्या त्याच बिरूनीने, चंद्राच्या कला दाखवणाऱ्या आठ चाकांच्या पेटीची रचना लिहून ठेवली. लंडनच्या संग्रहालयात एका बायझंटाइन छायायंत्राची चाकं आहेत. त्यांची रचना तिच्याशी खूप जुळते. इस्फहानच्या एका कारागिराने १२२१-२२मध्ये बनवलेलं चाकांचं अ‍ॅस्ट्रोलेब ऑक्सफर्डला आहे, तेही अखंड. तस्कराऐवजी तो कारागीर कादंबरीत आला असता तर?

अब्बांना मोबाईलवर त्याचा फोटो दाखवला. त्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि दाते मोजायला लागले. मी जेवायला बोलावलं तर हातानेच थांब म्हणाले.

पुस्तक पुतण्याला परत केलं. दुसरा भागही आलाय म्हणे. आण म्हटलं.