बलामाची गाढवी, आळ्याचा रेडा

मामांना जाऊन दोन महिने झाले. नगरहून कल्याणला जाणारी गाडी अजून आळेफाट्यावर थांबते, कंडक्टर दहा मिनिटं म्हणून ओरडतो, आणि नारायणगावहून सवयीनं आलेला मी दारातून उतरणाऱ्यांचे पाय बघत उभा राहतो. मामांच्या उजव्या चपलेचा अंगठा काळ्या दोऱ्यानं शिवलेला असे. आधी तो दिसायचा, मग मामा.

लेकीकडे कल्याणला जाताना ते मुद्दाम इथं गाडी सोडत. दुसरी मिळेपर्यंत तास-दीड तास. टपरीमागं एक बाकडं, समोर कांद्याच्या गोण्यांनी वाकलेले ट्रक, वाऱ्यावर उडणारी पातळ लाल सालं. आमची उपासना तिथंच व्हायची. पाळक नाही, वेदी नाही, दानार्पणाची थैली नाही; चहाचे पैसे मात्र मामांनीच द्यायचे. एकदा मी जरा लेखकी थाटात म्हणालो, "बसतो पण बरोबर फाट्यावर, मामा. इथून चारी दिशा मोकळ्या." ते बशीत फुंकर घालत म्हणाले, "दिशा कसल्या! इथं चहा बरा मिळतो, म्हणून बसतो."

आमचं घर ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरात आलं, त्यानंतर कितीतरी वर्षांनी मामांच्या वडिलांनी बाप्तिस्मा घेतला. मामांच्या आजोबांनी नाही घेतला. येशूची गोष्ट त्यांनी लेकाकडून नीट ऐकून घेतली, चांगला माणूस होता म्हणाले, आणि गळ्यातली माळ तशीच ठेवून आषाढीला चालू लागले. मराठीचे मास्तर असलेल्या मामांनी एकदा शास्त्राभ्यासाला सगळ्यांदेखत विचारलं, "माझा आजा नरकात आणि मी स्वर्गात, तर मला तिथं करमायचं कसं?" उत्तर मिळालं, असे प्रश्न सैतान घालतो, प्रार्थना करा. मामांनी प्रार्थना केली. मंडळी सोडली नाही, रविवार चुकवला नाही, शेवटच्या बाकावर बसून खड्या आवाजात गात राहिले. फक्त तिथं विचारायचं बंद केलं.

फाट्यापासून आळे जवळच. ज्ञानदेवांनी पैठणात ज्याच्या तोंडून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी तिथं आहे. एका दुपारी आम्ही चालत गेलो. माणसं वाकून नमस्कार करत होती, आणि मला हसू आलं. मामांनी पाहिलं. परत येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बाकड्यावर टेकल्यावर म्हणाले, "गणना, अध्याय बावीस. बलामाची गाढवी बोलली का?"

"बोलली."

"कशावरून?"

"शास्त्रात लिहिलंय."

"ह्यांच्याही पोथीत लिहिलंय."

मी गप्प. मग तेच हळूहळू बोलू लागले. संदेष्टा वर बसलेला, त्याला देवदूत दिसत नाही. गाढवीला दिसतो, म्हणून ती अडते, म्हणून काठी खाते. इकडे पंडितांची सभा, आणि बोलतो कोण, तर पखाली वाहणारं जनावर. "बोललं की नाही, ते सोड. पण दोन्ही गोष्टी सांगणाऱ्यांना एकच सुचलं बघ. ज्याला कुणी विचारत नाही, त्याला बोलायला लावलं." त्या दिवशी माझी श्रद्धा गेली, असं नाही. एक खिळा निघाला. अजून हात फिरवला की भोक लागतं.

टिळकांचा विषय निघाला की मामांचा चहा निवायचा. रेव्हरंड नारायण वामन टिळक, ज्यांची पदं आम्ही रविवारी गातो. १८९५ साली बाप्तिस्मा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मात्र पटेपर्यंत वाट पाहिली, १९०० साली घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक म्हणत. १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेला, न झालेला, ख्रिस्तावर जीव असेल त्यानं यावं. १९१९ साली ते गेलेच. "त्या दरबारात माझा आजा बसला असता," मामा म्हणायचे, आणि ओतूरच्या रस्त्याकडे बघायचे. तिकडे तुकोबांच्या गुरूंची समाधी आहे.

पंडिता रमाबाईंचंही तसंच. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच त्रैक्यावरून मठातल्या सिस्टरांशी पत्रांतून वाद. क्रूसावर लॅटिन शब्द कशाला, संस्कृत का नकोत, हाही. मामांना ह्या वादाचं फार कौतुक. "बाई भांडली, पण ख्रिस्ताला सोडलं नाही."

मामांवर माझा राग आहे, तो इथंच. प्रश्न त्यांनी माझ्या हातात दिले आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन गात बसले. मला आता गाता येत नाही. तोंड उघडतं, शब्द येतात, पण मधेच आजोबा माळ चाचपताना दिसतात.

शेवटच्या आजारात मी विचारलं, भीती वाटते का? "वाटते की. पण नरकाची नाही." मग बराच वेळ छताकडे बघून म्हणाले, "आजा समोर आला तर त्याला सलाम म्हणू, का रामकृष्णहरी?"

कबरीशी पाळकसाहेबांनी सांगितलं, आपले बंधू आता प्रभूजवळ आहेत. एवढी खात्री मामांना कधीच नव्हती. मी मूठभर माती टाकली आणि मागं सरलो.

मामींनी त्यांचं पवित्र शास्त्र मला दिलं. पुठ्ठा सुटलेला, आत ब्लेडनं टोक काढलेली बोटभर पेन्सिल. समासात जागोजागी बारीक प्रश्नचिन्हं. स्तोत्र १३७ च्या शेवटी, जिथं लेकरं खडकावर आपटण्याची गोष्ट येते, तिथं पेन्सिल इतकी दाबलीय की कागद फाटलाय. गणनेचा बाविसावा अध्याय मी फाट्यावर, त्याच बाकड्यावर उघडला. प्रश्नचिन्ह नाही. समासात 'आळे' एवढंच लिहिलंय, आणि खाली त्या दिवसाचा हिशेब: दोन चहा, १४ रुपये.