हीटरचा दिवा

रायपुरात डिझेल गाडी चालवणाऱ्याला डॅशबोर्डवरच्या पिवळ्या वेटोळ्याच्या दिव्याशी फारसं देणंघेणं नसतं. चावी फिरवली की तो लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. तो विझायच्या आतच बहुतेकांनी स्टार्टर मारलेला असतो आणि गाडी सुरूही झालेली असते. मे महिन्यात पारा ४५ला टेकतो अशा गावात इंजिन आणखी तापवायचं कशाला? आमची थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेचे बारा-तेरा अंश. तेवढ्यावरही तात्यापाऱ्यातली जुनी मंडळी कानटोप्या काढतात, ती गोष्ट वेगळी.

आमच्याकडे तेव्हा जुनी सुमो होती. टाटांनी १९९४ साली बाजारात आणलेल्या, सुमंत मुळगावकरांचं नाव मिरवणाऱ्या गाडीचं ते सुरुवातीचं रूप: दोन लिटरचं साधं इंजिन, ना टर्बो, ना कॉम्प्युटर. चढावर दमायची, पण माणसं मात्र मावतील तेवढी घ्यायची. नागपूरहून मेहुणा आला होता. त्याला घेऊन जानेवारीत मैनपाटला जायचं ठरलं. बिलासपूर, कटघोरा, अंबिकापूर करत आम्ही संध्याकाळी पठारावर पोहोचलो. सरगुजा जिल्ह्यातलं हे पठार साडेतीन हजार फुटांच्या आसपास उंच आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिबेटी निर्वासितांना इथे वसवलं. त्यांच्या वस्त्या अजूनही कॅम्प नंबरांनीच ओळखल्या जातात. ‘छत्तीसगडचं शिमला’ हे सरकारी बिरुद मला तसं आवडत नाही, पण थंडीपुरतं ते खरं आहे.

सकाळी उठून पाहतो तर अंगणातल्या पेंढ्यावर दव गोठून पांढरं झालेलं. सुमोची काच खरवडावी लागली. मग चावी फिरवली, दिवा लागला, विझला, स्टार्टर मारला. इंजिन जडपणे फिरलं, मागून पांढरा धूर आला आणि सगळं थांबलं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला फिरणंही मंदावलं.

“भाऊजी, चोक खेचा ना!” मेहुणा आतून म्हणाला. त्याचा सगळा जन्म स्कूटर आणि पेट्रोलच्या गाड्यांवर गेलेला.

डिझेलला चोक नसतो. स्पार्क प्लगही नसतो. ही रुडॉल्फ डिझेल यांची करामत, १८९७ सालच्या त्यांच्या यशस्वी इंजिनापासूनची. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती नुसत्या दाबानेच तापते आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. आमच्या सुमोत हवा वीस-बावीस पट दाबली जायची. पण इंजिन गार पडलेलं असलं की दाबलेल्या हवेची ऊब सिलिंडरच्या थंडगार भिंती खाऊन टाकतात. त्यातून तेल घट्ट, बॅटरी मलूल, म्हणून इंजिन फिरतं सावकाश. जितकं सावकाश फिरेल तितकी उष्णता निसटायला वेळ मिळतो. या कोंडीतून बाहेर काढायला प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग दिलेला असतो. पेन्सिलच्या टोकाएवढा हा तुकडा बॅटरीच्या विजेवर लाल होतो. टोकाचं तापमान ८०० अंशांच्या वर जातं, आणि फवारा त्याच्या जवळून गेला की पेट घेतो.

एव्हाना आमच्याभोवती माणसं जमली होती. बंद पडलेल्या गाडीला सल्लागार कधी कमी पडत नाहीत. एकाने सुचवलं, काडीला चिंधी गुंडाळा, डिझेलमध्ये बुडवून पेटवा आणि एअर क्लीनरच्या तोंडाशी धरा. ही जुनी युक्ती आहे आणि चालतेही, कारण इंजिन गरम हवा ओढून घेतं. पण आत कागदाचा फिल्टर असतो. तो पेटला म्हणजे गाडी सुरू होण्याचा प्रश्नच मिटतो! ज्यांच्याकडे उतरलो होतो ते दादा घरातून गोरसी घेऊन आले. गोरसी म्हणजे छत्तीसगडी शेगडी, मातीची, शेणीच्या निखाऱ्यांची. ती चेंबरखाली सरकवली तर तेल पातळ होईल, हा त्यांचा विचार चुकीचा नव्हता. लडाखकडे ट्रकवाले बर्फात टाकीखाली जाळ करतात तो काही हौसेने नाही. मात्र आमच्या सुमोच्या पोटाला तेलाचा पाझर होता आणि जमिनीवर त्याचे काळे डाग दिसत होते. मी गोरसी दूर ओसरीत ठेवायला लावली. सगळ्यांनी हात तेवढे शेकून घेतले.

शेजारचा पिकअपवाला दात घासत आला, धूर बघितला आणि म्हणाला, “डीज़ल तो आ रहा है भैया, जल नहीं रहा.” हे त्याने अचूक ओळखलं. पांढरा धूर म्हणजे न जळालेल्या डिझेलची वाफ. धूरच आला नसता तर डिझेल पुढे जात नाहीये असं समजायचं. थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो, तो प्रकार वेगळा. त्यासाठी भारतीय मानकात डिझेलही ऋतूनुसार वेगळं ठरवलेलं आहे: फिल्टर तुंबायला लागण्याची मर्यादा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ६ अंश, एरवी १८. लडाखात तेही पुरत नाही. म्हणून इंडियन ऑइलने २०१९च्या नोव्हेंबरात उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल तिथे पाठवायला सुरुवात केली. त्याआधी तिकडचे ड्रायव्हर डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे.

पिकअपवाल्याने आपली गाडी नाकाला नाक लावून उभी केली आणि केबल जोडल्या. त्याची स्वतःची बॅटरी रात्री काढून घरात ठेवलेली असते, असं तो सांगत होता. मग मला म्हणाला, “हीटर दो बार मारो. बत्ती बुझे, चाबी बंद, फिर से. उसके बाद सेल्फ.” तसं केलं. गाडी धडधडत, थरथरत, जेमतेम अर्ध्या अंगाने सुरू झाली. डोळे चुरचुरणारा धूर अंगणभर पसरला. जरा वेळाने आवाज भरत गेला, तेव्हा त्याने बोटं दाखवून सांगितलं: आधी दोनच सिलिंडर चालत होते, उरलेले आता लागले.

रायपूरला परतल्यावर मेकॅनिक चाचांनी त्याची खात्री करून दिली. प्लगांना जोडणारी पट्टी काढली. एका छोट्या बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी एकेका प्लगच्या डोक्याला लावली. दोन ठिकाणी बल्ब लागला, दोन ठिकाणी नाही. मग चांगल्या प्लगांपैकी एक खोलून पक्कडीत धरला, त्याला थेट बॅटरी दिली. आधी टोकाशी काळपट लाली, मग केशरी, आणि माझ्या गालाला ऊब लागली तसा चाचांनी हात मागे घेतला. मेलेला प्लग तसाच काळा. डॅशबोर्डवरचा दिवा मात्र चारही प्लग धडधाकट असल्यासारखा लागत-विझत होता. त्याला प्लगांच्या तब्येतीचं काहीच ठाऊक नसतं, त्या जुन्या गाडीत तो निव्वळ वेळ मोजायचा. रायपूरच्या उबेत दोन प्लगांवरही काम भागतं. ते कधी मेले हे कळायला मैनपाटच चढावं लागलं.

मी चाचांना विचारलं, टाटीबंधला रात्रभर उभे असलेले ट्रक सकाळी हीटरशिवाय कसे सुरू होतात? ते म्हणाले, त्यांचं डिझेल थेट पिस्टनवर पडतं. सुमोसारख्या इंजिनात ते आधी बाजूच्या छोट्या कोठडीत पडायचं, तिथल्या भिंतींना उष्णता जास्त जायची, म्हणून हीटरची गरजही जास्त.

चारही प्लग बदलले. जुना आणि नवा मिसळू नये हे चाचांचं मत, आणि बिल बघूनही मला ते पटलं.

आता घरी कॉमन रेलची गाडी आहे. ती पाण्याचं तापमान स्वतः बघते आणि हीटर लावायचा की नाही ते ठरवते. आमच्या कॉलनीत मात्र एक गृहस्थ जानेवारीत रोज सकाळी बोलेरो सुरू करून पेपर वाचायला बसतात. पंधरा मिनिटं धूर आमच्या स्वयंपाकघरात. त्यांना सांगून झालं: नुसत्या आयडलवर डिझेल इंजिन फार हळू तापतं, कारण जळतंच थोडं. तेल वर चढायला अर्धा मिनिट द्या आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा, त्यात ते लवकर तापेल. “हमारे पिताजी भी ऐसे ही करते थे,” ते म्हणाले. वडिलांची गाडी कोणती होती ते मी विचारलं. ॲम्बेसेडर, पेट्रोलची.