पिटातली माणसं

गिरगावात आज मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर उभं आहे, तिथे १४ मार्च १९३१ रोजी इतकी झुंबड उडाली की पोलीस बोलवावे लागले. मॅजेस्टिक सिनेमाच्या पडद्यावरची माणसं त्या दिवशी पहिल्यांदाच बोलणार होती, गाणार होती. 'आलम आरा'चं चार आण्यांचं तिकीट चार-पाच रुपयांना गेलं. त्या बोलपटाची एकही प्रत आज उरलेली नाही आणि मॅजेस्टिकही उरलेलं नाही. दोन्ही अशी पुसली गेली, तरी त्या रस्त्यावरून जाताना माझी पावलं आपोआप मंदावतात.

गिरगाव म्हणजे आपल्या सिनेमाचं माहेर. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' इथल्याच कॉरोनेशनमध्ये लागला. १९३६ साली प्रभातचा 'संत तुकाराम' सेंट्रलमध्ये लागला आणि वर्ष उलटून गेलं तरी उतरला नाही. हे सगळं चाळींच्या शेजारी घडत होतं, हे मला फार मोलाचं वाटतं. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसं नांदवणाऱ्या वस्तीला पाय पसरून बसायला, मोठ्याने हसायला, कुणाच्या नजरेत न येता रडायला जागा होती कुठे? थिएटर हा त्या सबंध चाळीचा दिवाणखाना होता.

आणि त्या दिवाणखान्यातली माझी आवडती माणसं पिटातली. पिट म्हणजे पडद्याला अगदी खेटून असलेल्या रांगा. उचलली की खाडकन आवाज करणाऱ्या लाकडी खुर्च्या, काही ठिकाणी नुसती बाकं. मान वर करकरून शेवटी दुखायला लागायची. ज्यानं सगळ्यांत कमी पैसे मोजले, तो पडद्याच्या सगळ्यांत जवळ बसायचा. नायिकेच्या डोळ्यातलं पाणी आधी त्याला दिसायचं. बाल्कनी पसंती मनात ठेवायची. पिट ती शिट्टीनं, टाळीनं, पडद्यावर भिरकावलेल्या नाण्यानं तिथल्या तिथे कळवून टाकायचं. १९७५ साली 'जय संतोषी माँ' आला, तेव्हा कित्येक ठिकाणी हीच माणसं चपला काढून खेळाला बसली आणि पडद्यावरच्या देवीला फुलं वाहिली. बड्या नटांचा आधार नसलेला तो साधासा चित्रपट या भाविकांनी डोक्यावर घेतला आणि तो 'शोले'च्या वर्षात 'शोले'च्या बरोबरीनं चालला.

पिटाचा खरा संवाद चालायचा तो मात्र मागे, वर असलेल्या केबिनशी. तिथे दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी उभे असत. आत दोन कार्बनच्या कांड्या एकमेकींसमोर धरून ठिणगी पेटवायची, आणि त्या जळत जातील तशा हातानं पुढे सरकवत राहायच्या. हात चुकला की पडदा पिवळा पडे. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमकून जाई. ऑपरेटर दुसरं मशीन सुरू करी, पुन्हा ठिपका आला की एकाची झडप पाडून दुसऱ्याची उघडी. प्रेक्षकाला पत्ताही लागत नसे. एकच प्रिंट दोन थिएटरांत चालवायची असली, तर संपलेली रिळं डब्यात भरून पोऱ्या सायकलवरून दुसरीकडे पळवायचा. सायकल अडली किंवा फिल्म तुटली की पिटातून आरोळी उठे, "ए ऑपरेटर!" ती हाक हक्काची होती. पैसे थोडे मोजलेले असले, तरी खेळ आपला आहे याबद्दल त्या माणसाच्या मनात तिळमात्र शंका नसे.

याच माणसांनी मराठी सिनेमा जगवला. १९७१ साली दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या'साठी दादरच्या कोहिनूरची दारं मिळेनात, तेव्हा शिवसेनेनं रस्त्यावर उतरून ती उघडायला लावली. मग पिटानं तो जो डोक्यावर घेतला, तो इतिहास आहे. लालबागचं भारतमाता तर गिरणीच्याच जमिनीवर उभं. पाळी सुटली की कामगार घरी जायच्या आधी तिथे डोकावायचा; मराठी चित्रपटाला तिथे हक्काचा पडदा होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले, आणि गिरणगावातल्या तिकीटखिडक्यांसमोरचा माणूसच हलला. त्याच वर्षी रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हिडिओ, मग केबल.

तरीही लोकांचं सिनेमावरचं प्रेम आटलं, असं मी मानत नाही. आटली ती पिटाची किंमत. थिएटरं शहराच्या ऐन मोक्याच्या जागी होती. जमिनीचे भाव चढले आणि स्वस्त तिकिटावर बसलेला माणूस त्या जमिनीला परवडेनासा झाला. पुण्यातलं मंडईजवळचं आर्यन १९१५ पासून लोकांना सिनेमा दाखवत होतं. ते १९८३ साली बंद झालं आणि तिथे वाहनतळ आला. २००१ पासून सरकारनं मल्टिप्लेक्सना करमणूक करात सूट दिली, आणि जुन्या थिएटरांवर मात्र त्या कराचं ओझं तसंच राहिलं. थिएटर पाडायचं तर नव्या इमारतीत जुन्याच्या एक तृतीयांश तरी खुर्च्या ठेवा, असा नियम होता. हेतू चांगला, पण नियमानं खुर्च्या मोजल्या, तिकिटाचा दर मोजला नाही. मॉलमध्ये पडदा टिकला, पिट गेलं. आणि पिटाबरोबर मराठी सिनेमाचा प्रेक्षकही दाराबाहेर राहिला, म्हणून तर २०१५ साली मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना संध्याकाळचे खेळ मिळावेत यासाठी सरकारला फर्मान काढावं लागलं.

जुन्या इमारती वाचवा, एवढंच मला म्हणायचं नाही. महाराष्ट्रानं नाटकासाठी एक सुंदर गोष्ट केली आहे. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली महापालिकेनं उभारलं. गावोगावी अशी नाट्यगृहं लोकांच्या करातून उभी राहिली, कारण नाटक ही समाजाची गरज आहे हे आपण मान्य केलं. सिनेमाचा पाया तर याच मातीत घातला गेला. मग प्रत्येक शहरात पालिकेचं एखादं चित्रपटगृह का नसावं? हमालाला, घरकाम करणाऱ्या बाईला, शाळकरी पोराला परवडेल असा दर, रोज एक मराठी खेळ, आणि पहिल्या रांगा सगळ्यांत स्वस्त. ज्यांच्या चार आण्यांवर ही कला मोठी झाली, त्यांचं हे देणं अजून फिटलेलं नाही, आणि ते फेडायला आपल्याकडे जागाही आहे, पैसाही आहे.