जावयाचा सोऱ्या

पितृपंधरवड्यात चकलीचा वास येऊ नये, असं माझं सरळ म्हणणं आहे. त्या दिवसांत जिन्यात वास यावा तो खिरीचा, वड्यांचा, आमसुलाच्या चटणीचा. पण गेल्या वर्षी सासूबाईंच्या तिथीला मी पान वाढत होते आणि खालून भाजणीचा वास आला. तीळ, ओवा, तापलेलं तेल. पहिल्या मजल्यावरच्या बाई ऑर्डरी घेतात. परदेशी जायचा फराळ दिवाळीच्या किती तरी आधी डब्यांत भरून कुरिअरला द्यावा लागतो, त्यामुळे आमच्या इमारतीत दिवाळी भाद्रपदातच लागते. माझ्या कपाळावरच्या आठ्या बघून हे म्हणाले, "असू दे गं. आईला हाच वास ओळखीचा."

त्यावर मला बोलायला जागा नव्हती.

आमचा स्वतःचा सोऱ्या माळ्यावर आहे. पितळेचा, फिरकीचा, हातून निसटला तर फरशी तडकेल असा जड. त्याच्या पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं ठोकलेली आहेत. आधी 'चि.', पुढे ह्यांचं नाव, मग 'यांस दिवाळसणानिमित्त सप्रेम भेट' आणि खाली साल १९८२. नाव ह्यांचं, माझं नव्हे. दिवाळसणात चकलीचा सोऱ्या मिळालेला दुसरा जावई महाराष्ट्रात असलाच, तर मला त्यांना एकदा भेटायचं आहे.

दिवाळसणावर माझा राग जुना आहे. पहिली दिवाळी मुलीच्या माहेरी, हा नियम ज्यांनी केला त्यांनी नवं घर मांडलेल्या बाईला काही विचारलं असेल असं वाटत नाही. लग्न झाल्यावर सासरी, लालबागच्या खोलीत रात्री अंथरुणं मोजून घालावी लागत. मी फोर्टात एका कचेरीत कारकून होते, त्या पगाराच्या भरवशावर आम्ही डोंबिवलीत भाड्याने एक खोली घेतली. खोलीला ओटा होता, ओट्याला खिडकी होती, आणि त्या खिडकीत आकाशकंदील कुठे टांगायचा हे मी गणपतीतच ठरवून ठेवलं होतं. अशा वेळी उठायचं, कुलूप घालायचं आणि पुण्याला जाऊन जावयाला मिरवून आणायचं. शेजारच्या काकूंना तर एवढीच काळजी, "जावयाला काय घालणार? अंगठी की गोफ?"

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं पत्र आलं. अंगठी करायला टाकतोय, सूटचं कापड पसंत करायला चार दिवस आधी या. ह्यांनी पोस्टकार्डावर उत्तर धाडलं, ते मला दाखवून. अंगठी नको, संपावरच्या माणसाने सोनं घालून लालबागेत कसं फिरायचं? आणि कापड मुळीच नको, ते आम्ही विणायचं थांबवलंय.

इथे संप मध्ये आणावा लागतो. चकलीच्या लेखात तो शोभत नाही, पण त्याच्याशिवाय हा सोऱ्या कळायचा नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं, पुढारी डॉ. दत्ता सामंत. पगारवाढ, बदली कामगारांचे हाल, एकाच संघटनेला मान्यता देणारा १९४६चा कायदा, ही कारणं पुस्तकांत असतात आणि ती बरोबरच आहेत. पण ठिणगी पडली होती आदल्या दिवाळीच्या बोनसवरून. बोनस कायद्याने किमान ८.३३ टक्के, म्हणजे बारा पगारांवर तेरावा. गिरणगावची दिवाळी ह्या तेराव्या पगारावर उभी असायची. रवा-साखर त्यातून, पोरांचे कपडे त्यातून, गावची मनिऑर्डरही त्यातूनच. आमचं लग्न आधीच ठरलेलं होतं आणि संप मे महिन्यापर्यंत मिटेल, असं सगळेच म्हणत होते. तो अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. त्या हिशेबाने हे अजून संपावर आहेत.

तर पोस्टकार्डाला उत्तर आलं नाही, आणि आम्हीही पुण्याला गेलो नाही. वसुबारसेला माझा भाऊ पुण्याहून जड पिशवी घेऊन आला, चहा प्यायला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला. पिशवीत हा सोऱ्या, आईने दळून दिलेली भाजणी आणि 'रुचिरा'. कमलाबाई ओगल्यांचं ते पुस्तक १९७०मध्ये निघालं आणि तेव्हापासून नव्या नवरीच्या सामानात असायचंच. प्रमाण वाटी-चमच्यात दिलेलं असल्यामुळे तराजू नसलेल्या घरातही ते चालत असे.

ह्यांनी सोऱ्या उचलला. स्वतःचं नाव वाचलं. एकदा वाचून खिडकीपाशी नेला आणि उजेडात पुन्हा वाचला. मला वाटलं, आता काही तरी बोलतील आणि आमचं पहिलं मोठं भांडण होईल. हे गिरणीत फिटर होते. त्यांनी फिरकी काढली, मळसूत्रावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आटे चांगले कापलेत."

बस, एवढंच.

अण्णांनी टोमणा मारला, की संपातल्या माणसाचं बोलणं ऐकून त्याला उपयोगाची वस्तू दिली, हा वाद आमच्या घरात अजून मिटलेला नाही. हे म्हणतात टोमणाच. मी म्हणते, अण्णा छापखान्यात कंपोझिटर होते, उलट्या खिळ्यांतून सरळ मजकूर वाचण्यात जन्म गेला होता. टोमणा मारायचा असता तर तो त्यांनी शुद्ध मराठीत पोस्टकार्डावर लिहिला असता, पितळेवर ठोकून घ्यायला दुकानात गेले नसते. तिथल्या माणसाने दिवाळसणातला 'दि' दीर्घ काढला असेल तर अण्णांनी त्याला नक्की थांबवलं असणार. स्वतः त्यांनी ह्या विषयावर कधी चकार शब्द काढला नाही.

धनत्रयोदशीच्या रात्री आम्ही चकल्या केल्या. तेल रेशनचं पामतेल, गारठ्याने थिजलेलं, पातेलीत ढकलावं लागे. साखर सणाच्या जादा कोट्यातली, ती करंज्यांना ठेवली. पंपाचा स्टोव्ह जमिनीवर, मी पाटावर, हे समोर मांडी घालून. भाजणीला मोहन घालून मी गोळा मळून दिला की हे तो सोऱ्यात ठासून भरत, हवा राहू नये म्हणून वरून दट्ट्याने दाबत आणि मग फिरकी अशी एका लयीत फिरवत की चकलीचा एक काटा लहान नाही की मोठा नाही. चांदणीच्या ताटलीचं एक टोक बोथट होतं. ते ह्यांनी पहिल्याच चकलीला हेरलं, उठून हत्यारांच्या पेटीतली कानस आणली आणि तिथल्या तिथे घासून दिलं. दहा महिने त्या हातांना काम नव्हतं. ह्यांचा चेहरा मी त्या रात्री पहिल्यांदा नीट बघितला असं म्हटलं तर तुम्ही हसाल, पण लालबागच्या त्या खोलीत नवऱ्याकडे बघायला जागा तरी कुठे होती?

पाडव्याला ओवाळलं तेव्हा ह्यांनी ताटात नोट टाकली ती माझ्याच पाकिटातली होती. दोघांनाही माहीत होतं. मी ती पदराला बांधली आणि त्याच नोटेने पुढच्या आठवड्यात रॉकेल आणलं.

भाऊबीज आटोपली आणि सासूबाई सोऱ्या मागून घेऊन गेल्या. त्या लालबागेत खानावळ चालवायच्या. बायका-पोरं गावी ठेवून आलेले कामगार महिन्याच्या हिशेबाने त्यांच्याकडे जेवत. अशा खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराच्या तावडीतून सोडवून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जं मिळवून दिली. संपात जेवणारेच गावी निघून गेले. सासूबाईंची चूल थंड पडली तेव्हा त्या चकल्या तळून एका दुकानाला द्यायला लागल्या. किलोवर पैसे. काटे मोडलेला माल परत येई, तो आमच्या वाट्याला. माझ्या मुलांनी लहानपणी अख्खी चकली क्वचितच बघितली, चुरा मात्र डबे भरभरून खाल्ला. ह्यांना पुढे डोंबिवलीच्या एमआयडीसीत काम मिळालं, पण मधली वर्षं लालबागचं घर ज्यावर चाललं, ते ह्या सोऱ्याच्या फिरकीवर. म्हातारीच्या उजव्या मनगटाला पट्टा आला तो शेवटपर्यंत सुटला नाही. सोऱ्या परत आला तेव्हा त्याचे आटे झिजलेले होते आणि नावातलं पहिलं अक्षर पार पुसलं गेलं होतं.

म्हणून दिवाळी आली की 'विकतच्या फराळाला घरची चव नाही' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. विकतचा फराळ म्हणजे काय आभाळातून पडतो? तो कुणाच्या तरी घरीच तळलेला असतो, आणि बहुतेक वेळा त्या घरावर काही तरी कोसळलेलं असतं. आमच्या खालच्या बाईंच्या नवऱ्याचं मला ठाऊक आहे, इथे लिहीत नाही.

यंदा ऑर्डर देणार असाल तर नवरात्राच्या आधी द्या आणि अर्धे पैसे आगाऊ द्या, कारण डाळी आणि तेल रोखीने आणावं लागतं. डब्यात दोन-चार चकल्या मोडक्या निघाल्या तर त्या परत पाठवू नका.